करायचा डोळा

बशीतलं बुबुळ शर्टाच्या बटणाएवढं होतं आणि त्याच्या करड्या रंगावर ती पिवळ्याची सातवी रेघ ओढत होती — श्वास रोखून, कारण श्वासानेसुद्धा रेघ जाड होते — तेवढ्यात प्लायवूडच्या पलीकडून, अगदी कानाशी आल्यासारखं, मालकांच्या पुतण्याचं करवादणं ऐकू आलं.

“उघड ना बाबा... उघड एकदाचं. अरे, एवढ्या वेळात गोगलगाय घरी पोचली असती, जेवून आडवी झाली असती!”

रेघ हलली. केसभरच, पण बटणाएवढ्या जागेत केस म्हणजे हमरस्ता. तिने ब्रश खाली ठेवला, कापसाच्या बोळ्याने ती रेघ पुसली आणि पुसता पुसता मनात म्हणाली, बस तसाच. बघत बस स्क्रीनवरच्या त्या हिरव्या पट्टीकडे. कुणीतरी कधीतरी तुझ्याही धीराची परीक्षा बघायला नको का?

“मावशी! जरा येता का? तुमचं पोरगं परत रुसलंय.”

पोरगं म्हणजे कॉम्प्युटर, आणि मावशी म्हणजे ती. मागच्या वर्षापर्यंत ती ताई होती. यंदा न मागता बढती मिळाली होती.

तिच्या खिडकीपासून पुतण्याच्या टेबलापर्यंत अकरा पावलं. खिडकी उत्तरेकडची, कारण डोळा दिव्याखाली रंगवायचा नसतो. दिव्याखाली रंगवलेला डोळा बाहेर उजेडात गेला की खोटा दिसतो... खोटा. हा शब्द इथे उच्चारायचा नाही, असा सरांचा नियम. सर म्हणजे या जागेचे मालक, पुतण्याचे काका. येणारेजाणारे त्यांना ‘डोळेवाले सर’ म्हणत. खोटा म्हणायचं नाही, काचेचा म्हणायचं नाही, आणि गेला कसा, हे तर मुळीच विचारायचं नाही. स्वतःचा तो पहिला, इथे केलेला तो दुसरा — संपला विषय. नियम चांगलाच होता. माणसं दारातून मान एका बाजूला वळवून आत येत, आणि आपल्याला इथे कुणी काही विचारणार नाही हे कळलं की हळूहळू सरळ बसत. पण न बोलण्याची सवय अशी असते, की ती नेमून दिलेल्या खोलीत राहत नाही. ओल चढावी तशी घरभर पसरते. सरांचा हात थरथरायला लागला, तेव्हाही कुणी काही बोललं नाही. एका सकाळी सरांच्या टेबलावरची बशी तिच्या टेबलावर आलेली होती, बस. त्या सकाळनंतरची पंधरा वर्षं प्रत्येक डोळा तिने रंगवला, सरांनी तो मखमली डबीतून बाहेर काढून दाखवला, आणि माणसं सरांचे हात हातात धरून रडली. ती प्लायवूडच्या अलीकडे बसून ते रडणं ऐकायची आणि पुढच्या डोळ्याच्या शिरा लावायला घ्यायची — लाल रेशमाचा धागा उकलून, एकेक तंतू सुटा करून. वाईट वाटायचं का? तेव्हा नाही वाटायचं. खरंच नाही. आता, मागे वळून, एकदम पंधरा वर्षांचं वाटत होतं.

कारण आता आठ दिवस झाले, सगळे परत न बोलायला लागले होते.

तिला हवा कळायची. सर जेवायला मागच्या दाराने जायला लागले होते. काउंटरवर बसणारी घंटी — तिचं नावच घंटी पडलेलं, कारण गिऱ्हाईक असो वा नसो, येताजाता टेबलावरची घंटी वाजवल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही — ती आठ दिवसांत एकदाही हिच्यापाशी सुनेची तक्रार घेऊन आली नव्हती. आणि पुतण्याच्या ‘मावशी’त साखर वाढली होती.

“उद्या ती माणसं येणार आहेत,” पुतण्या खुर्चीवरून उठत म्हणाला.

“कोण माणसं?”

“अशीच हो... कंपनीची. त्यांना फोल्डर दाखवायचंय. त्यांच्यासमोर ही पट्टी अशी रांगत बसली तर काय अब्रू राहील? तुम्ही करा ना काहीतरी सेटिंग. तुम्हाला येतं ते. मी तोवर बाहेर जाऊन एक फोन करून येतो.”

तुम्हाला येतं... येतं, कारण कुणी शिकवलं नाही. बारा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरचं खोकं आलं, तेव्हा सरांनी त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता, नव्या नवरीवर शेला टाकतात तसा, आणि महिनाभर सगळे त्याच्या बाजूने जपून जायचे. टॉवेल तिने काढला. चुकत चुकत शिकली, एका शाळेच्या वहीत लिहून घेत — ‘उजवं बटण दाबलं की यादी येते, घाबरू नये’ असं तिसऱ्या पानावर अजून होतं. तिने फोटो काढले, तिने ते आत घातले, तिने नावं दिली. ‘डोळे’ नावाचं एकच फोल्डर आणि त्यात तीन हजार चारशे डोळे. म्हणजे इथे आलेल्या प्रत्येकाच्या शाबूत डोळ्याचा फोटो, कारण दुसरा करायचा तर पहिल्याकडे बघूनच करावा लागतो.

ती बसली. खुर्ची अजून पुतण्याच्या बसण्याने गरम होती. तिला ते आवडलं नाही.

फोल्डर उघडलं की आधी नुसते पांढरे चौकोन यायचे, ओळीने, रिकामे. वर ती हिरवी पट्टी. आणि मग एकेक चौकोनात एकेक डोळा उघडायचा. करडा, मधाळ, जवळजवळ काळा, हिरव्याची झाक असलेला... हे असं सावकाश का होतं ते तिला माहीत होतं. मशीन बिचारं प्रत्येक मोठ्या फोटोतून एक छोटा फोटो, थंबनेल, तयार करत बसायचं, तीन हजार चारशे वेळा, न कंटाळता. कुणीतरी आत बसून बटणाएवढ्या जागेत डोळे रंगवतंय, असं तिला नेहमी वाटायचं आणि त्या कुणाबद्दल तिला माया होती. म्हणून तर इतकी वर्षं तिने ते फास्ट केलं नव्हतं.

स्क्रीनवर उघडलेल्या खिडकीच्या पहिल्याच पानावर, ‘नुकत्याच उघडलेल्या फाइली’ म्हणून यादी होती. तिने ती वाचायची म्हणून वाचली नाही. समोर आलेलं वाचलं जातं. पहिलंच नाव: ‘खोलीचा नकाशा नवीन’.

नकाशा साधा होता, पुतण्यानेच काढलेला. इथलीच खोली. उत्तरेकडची खिडकी काढलेली होती. खिडकीखाली एक मोठा चौकोन आणि त्यात लिहिलेलं: मशीन. सरांची खुर्ची होती. घंटीचा काउंटर होता. हात धुवायचं बेसिन, बसायला सोफा, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना कुंड्या — कुंड्यांना पानंसुद्धा काढली होती. कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ, त्यावर लिहिलेलं: कचरा. तिने आपलं टेबल शोधलं. आधी घाईने, मग बोट लावून, समूहाच्या फोटोत आपला चेहरा शोधावा तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

कचऱ्याची बादली आहे. मी नाही.

म्हणजे कळलेलंच होतं म्हणा. मागच्या आठवड्यात पुतण्याने एक यादी करून मागितली तेव्हाच... गिऱ्हाइकांच्या वहीत माणसांची नावं होती, फाइलींवर रंगांची नावं होती, आणि कुठला रंग कुणाचा हे फक्त तिच्या डोक्यात होतं. “कधी तुम्ही रजेवर असलात तर अडायला नको हो मावशी,” असं म्हणाला. आणि तिने — गाढवीणच मी, दुसरं काय — चार दिवस उशिरापर्यंत थांबून, एकेकाला आठवत, तीन हजार चारशे माणसं कागदावर उतरवून दिली होती. स्वतःच्या हाताने. सुवाच्य अक्षरात. वर शेवटच्या पानावर विचारलं होतं, काही कमी असेल तर सांग.

तिने नकाशा बंद केला. तिचे हात थंड झाले होते, पण थरथरत नव्हते. तिचे हात कधीच थरथरत नसत, त्याच्यावरच तर हे दुकान पंधरा वर्षं चाललं होतं.

सगळं पुसून टाकावं? एक बोट, एक बटण... नाही. तो अडाण्याचा राग झाला, ताट भिंतीवर भिरकावणाऱ्याचा. ज्याने भिरकावलं त्यालाच मग गोळा करावं लागतं. तिचा राग तसा नव्हता. तिचा राग बारीक ब्रशचा होता, रेघेवर रेघ चढवणारा. आणि काय हवंय म्हणाला होता तो? फास्ट हवंय. देते की. मागितलंय तेच देते, अगदी मागितलंय तस्सं.

तिने ऑप्शन्स उघडले. आधी, नुकत्याच उघडलेल्या फाइली दाखवूच नकोस — खूण काढली. जुन्या नोंदी पुसायचं बटण होतं, तेही दाबलं. नकाशा यादीतून गेला आणि तिने तो पाहिला होता याचा पुरावाही गेला. बरं झालं. त्यांना माहीत नसलेलं आपल्याला माहीत असावं, यात एक ऊब असते. मग उजवीकडची ती मोठ्या फोटोची पट्टी बंद. मग फोल्डरच्या गुणधर्मात जाऊन, ‘हे फोल्डर कशासाठी?’ असं विचारलेलं होतं तिथे ‘चित्रं’ होतं, ते बदलून ‘सर्वसाधारण’ केलं — हे करताना मात्र तिला क्षणभर कसंसंच झालं, आपल्याच मुलीला कुणीतरी ‘ही कोण, अशीच’ म्हणावं तसं. आणि शेवटी तो चौकोन: ‘नेहमी आयकॉनच दाखवा, थंबनेल कधीच नको.’ कधीच नको. तिने ते दोनदा वाचलं. एवढं निक्षून तर तिला तिच्या नवऱ्यानेसुद्धा कधी काही सांगितलं नव्हतं.

खूण. अप्लाय.

फोल्डर परत उघडलं — पट्टी नाही, रांगणं नाही, पापणी लवायच्या आत — आणि तीन हजार चारशे डोळे मिटलेले होते. नुसती एकसारखी चिन्हं, आणि खाली नावं. ओली वाळू, कडेला राख, डावा. मधात पडलेली मुंगी, उजवा. गंजलेला खिळा, डावा. झाकोळलेलं तळं, उजवा. ठिपकी, डावा...

घ्या. मला नकाशातून काढलंत, मी तुमच्यासमोरून डोळे काढले. आता नावं वाचत बसा आंधळ्यासारखे... शी. हा शब्दसुद्धा इथे म्हणायचा नाही. तिने तो मनातल्या मनात आणखी एकदा, सावकाश म्हटला.

पुतण्या परत आला, माउस हातात घेतला, फोल्डरवर क्लिक केलं आणि मागे सरकला.

“आयला!... सॉरी मावशी. पण हे तर टकाटक उघडतंय! काय केलंत काय?”

“चित्रं बंद केली. आता नुसती नावं दिसतील.” तिने खरं ते सांगितलं. सूड घेणाऱ्याने खोटं बोलू नये, त्याने सुडाला कमीपणा येतो.

“मग बरोबर आहे! चित्रं हवीयत कुणाला?” तो हसत होता, मनापासून, एका फटक्यात तिची सकाळ त्याने पायपुसण्यासारखी झटकून टाकली. “अहो, ते मश—” तो अडखळला, मग जीभ सोडलीच त्याने, “म्हणजे एक मशीन बघतोय आम्ही. नुसतं बघतोय हं. ते चित्र बघून शोधत नाही, फाइलचं नाव वाचतं. तुमची ही नावं म्हणजे... ‘मधात पडलेली मुंगी’! कुठून सुचतं हो तुम्हाला? पण प्रत्येक नावात डावा-उजवा लिहून ठेवलंत ना, ते एक नंबर काम केलंत. तेवढंच लागतं त्याला.”

“ते कसं?” तिने विचारलं. उगीच. काहीतरी विचारायचं म्हणून.

“सोपंय. समजा गिऱ्हाइकाला डावा डोळा करून हवाय. फाइलीवर उजवा लिहिलेलं असेल, तर मशीन समजतं की फोटो दुसऱ्या डोळ्याचा आहे, मग ते तो आपोआप उलटवून छापतं. आरशात दिसतो तसा. पण फाइलीवरही डावाच असेल, तर आहे तसा छापतं. माणसाने डोकं चालवायचंच नाही.”

आत कुठेतरी एक बारीक, स्वच्छ रेघ ओढली गेली.

कारण फाइलीवरचा ‘डावा’ म्हणजे फोटोतला डोळा डावा, असं नव्हतंच. पहिल्या दिवसापासून नव्हतं. माणूस यायचा तो गेलेल्या डोळ्यासाठी यायचा, म्हणून तिने नाव त्या डोळ्याचं लिहिलं, करायच्या डोळ्याचं. डावा करायचा असेल तर नाव डावा. फोटो मात्र उजव्याचा, कारण फोटो काढायला तोच उरलेला. बघायचं उजव्याकडे, उलटवायचं मनात, रंगवायचा डावा. तिला त्यात कधी घोटाळा वाटला नाही. विणणाऱ्या बाईला उलट टाका सांगावा लागत नाही. आणि यादी करून देताना, कुणी विचारलंच नाही, म्हणून...

म्हणजे ते मशीन एकही डोळा उलटवणार नव्हतं. एकही नाही.

“अजून काही सांगायचं राहिलंय का, मावशी? म्हणजे उद्या ऐनवेळी काही निघायला नको.”

“नाही,” ती म्हणाली.

खोट्याने सुडाला कमीपणा येतो म्हणाली होती ना मघाशी? आला तर आला.

खिडकीपाशी परत येऊन तिने ब्रश उचलला. बशीतलं बुबुळ एका निवृत्त मास्तरांचं होतं, करडं, दमलेलं. संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं. आठवी रेघ. नववी. हात कसा अगदी लोण्यात चालल्यासारखा चालत होता. तीन हजार चारशेंपैकी तीन हजारांना कळणारही नाही, ती मनात मांडत गेली. त्यांचा रंग सगळीकडून सारखा, उलट काय अन् सुलट काय. पण उरलेले चारशे — कुणाच्या करड्यात एका बाजूला तपकिरी फाक, कुणाच्या बुबुळाची कड एकीकडे फिकी — त्या चारशेंच्या चेहऱ्यावर दोन वेगळ्या माणसांचे डोळे बसल्यासारखं दिसेल. चूक कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येणार नाही. पण माणसं नजर चुकवतील. आणि ती येतील परत, तक्रार घेऊन, एकामागून एक. पुतण्या मशीन उघडून बघेल, आत फुंकर मारेल, कंपनीला फोन करेल, सर घाम पुसतील, आणि कुणीतरी म्हणेल, पूर्वी असं होत नव्हतं हो. पूर्वी. या एका शब्दासाठी तिने काहीही दिलं असतं. मग एके दिवशी फोन येईल. ती तो सातव्या घंटीला उचलेल... नाही, उचलणारच नाही. वाजू दे.

आणि यात माझं काय चुकलं? त्यांनी मला एक गोष्ट सांगितली नाही, मी त्यांना एक गोष्ट सांगितली नाही. ज्या घरात न बोलण्याचीच रीत, तिथे मीच एकटी तोंड का उघडू?

दुपारी घंटी डबा घेऊन आली आणि समोर बसली. आठ दिवसांनी. दोघी जेवल्या. घंटीने दोनदा घास हातात धरून ठेवला, दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा तो घासच आत गेला.

“काही म्हणत होतीस?”

“मी? छे गं.” घंटीने डब्याच्या झाकणाकडे बघितलं. “भाजीत मीठ कमी आहे का, विचारत होते.”

“जास्तच आहे.”

“हो ना?” घंटीचे डोळे एकदम भरून आले आणि ती भराभर डबा आवरायला लागली. “जास्तच पडतं माझ्याच्याने, आताशा लक्षच नसतं.”

मिठावरून रडतेय म्हातारी, तिला वाटलं, आणि मनात किंचित काहीतरी सैल पडलं. पण तिने ते परत आवळून घेतलं. रडायचं तर सांगून रड. नुसतं पाणी काय, नळालाही येतं.

चारच्या सुमारास प्लायवूडपलीकडून ओळखीचा आवाज आला. ठिपकी. बावीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करणारी. इथे पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती आणि आईच्या पदराआडून अर्धीच दिसत होती. तिच्या पहिल्या डोळ्यात, फिकट तपकिरीवर, नाकाच्या बाजूला एक गडद ठिपका होता, तिळाएवढासुद्धा नाही. तो सरांनी काढायचा सोडून दिला होता. “एवढं कोण बघतं?” तेव्हा ती स्वतः इथे नुसती भांडी धुवायला, पॉलिश करायला होती. तिने पोरीला विचारलं होतं, “हा ठिपका ठेवायचा का गं?” आणि पोर पहिल्यांदा पदर सोडून म्हणाली होती, “तो माझा आहे.” सरांनी वैतागून ब्रश तिच्याच हातात दिला होता — घ्या बाई, तुम्हीच काढा. तिच्या आयुष्यातला पहिला रंग तो. एक ठिपका.

“आता परत परत यायची गरजच नाही,” पुतण्या सांगत होता. “तुमचा जुना फोटो आहेच आमच्याकडे. पुढच्या महिन्यात नवीन डोळा घरपोच. आणि खास म्हणजे, आमच्या नव्या मशीनवरचा पहिला डोळा तुमचाच!”

“मशीन?” ठिपकीचा आवाज. “मग... आत बसतात त्या?”

ती ब्रश धरून बसली, मास्तरांच्या बुबुळावर, न टेकवता. सांग, तिला वाटलं. आता तरी सांग, निदान गिऱ्हाइकाला तरी सांग.

“त्या आहेतच की,” पुतण्या म्हणाला.

ठिपकी आत डोकावलीच. तिला कुणी अडवत नसे. इतक्या वर्षांत प्लायवूडच्या कडेने आत बघणारं हे एकच माणूस. दोन्ही डोळे हसत होते — दोन्ही. मागच्या वेळी केलेला तो आता जरा पिवळट पडला होता, पण ठिपका जागच्या जागी, नाकाच्या बाजूला, जुळ्यासारखा.

“काय हो, मशीनच्या हाताखाली काम करणार तुम्ही आता? जोरात आहे बुवा तुमचं!”

“मशीन माझ्या हाताखाली काम करेल,” ती म्हणाली. हे कसं सुचलं तिला कळलं नाही.

“मग त्याला सांगून ठेवा माझा ठिपका नीट काढायला. दुकानात लोक औषध घेताना माझ्याकडेच बघत असतात, आणि मी त्यांच्याकडे बघते सरळ. त्या ठिपक्याच्या जिवावर बघते, काय?”

“सांगेन.”

ठिपकी गेली. काउंटरवरची घंटी उगीचच दोनदा वाजली.

नाकाच्या बाजूचा ठिपका कानाच्या बाजूला जाईल... एवढंच तर होईल. कुणी मरणार नाही. आणि सूड म्हटला की कुणीतरी मध्ये येणारच, धुणं आपटताना शिंतोडे शेजारच्यावरही उडतात. मी काय ठिपकीचं वाईट करतेय? मी फक्त बोलत नाहीये. करतायत ते. त्यांचं मशीन, त्यांचा फोटो, त्यांची यादी — यादी माझी, पण मागितली त्यांनी — आणि ज्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून कुणी एक जण तोंडाने म्हणेल, की बाई, असं असं आहे, त्या दिवशी मीही... पण म्हणणार कोण? इथे? ती जवळजवळ हसली. रंगवत राहिली. तिला एवढं पक्कं ठाऊक होतं, की कुणी म्हणणार नाही. आणि त्या पक्केपणावर ती दिवसभर पाठ टेकून बसली होती.

उजेड खिडकीतून मागे सरकायला लागला. शेवटच्या दोन रेघा उरल्या तेव्हा मागे पावलं वाजली — घासत येणारी. सर. ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, जिथे ते कधीच बसत नसत, आणि त्यांनी आपला थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली ठेवला, एखाद्या खोडकर मुलाला दामटून बसवावं तसा.

“मास्तरांचा?”

“हो. होतच आलाय.”

“करडा फार चांगला उतरलाय.”

आता ‘वा’ म्हणून उठतील, तिला वाटलं, आणि मागच्या दाराने जातील. ते उठले नाहीत. बशीकडे बघत राहिले, पलीकडे पुतण्या फोनवर कुणालातरी सांगत होता, “एकदम टकाटक उघडतंय आता, या तुम्ही उद्या.”

“बाई,” सर म्हणाले, “हा तुमचा शेवटचा डोळा.”

ब्रश थांबला.

“आम्ही तुम्हाला काढतोय. उद्या मशीन बसतंय, या खिडकीत. पुतण्या म्हणाला पत्र पाठवू घरी, मी हो म्हटलं. आठ दिवस हो म्हणून बसलो.” “काढतोय. असंच आहे ते. दुसरा शब्द नाही त्याला.”

बस. एवढंच बोलले. क्षमा मागितली नाही, तिच्या इथल्या तेवीस वर्षांचं काही काढलं नाही, हात जोडले नाहीत. जोडले असते तर बरं झालं असतं, तिला त्या हातांवर थुंकता तरी आलं असतं मनातल्या मनात. ते नुसते बसून राहिले, जसे लोक त्यांच्यासमोर बसत, मान एका बाजूला वळवून.

राग गेला नव्हता. तिने तो चाचपून पाहिला; होता, जसाच्या तसा, गरम. उलट वाढला होता थोडा — एवढंसं वाक्य, आणि आठ दिवस लागले! पण दिवसभर तिने आपलं गप्प बसणं त्यांच्या गप्प बसण्याच्या आत ठेवलं होतं, गर्दीत आपली पिशवी कुणाच्या तरी पिशव्यांत ठेवावी तसं, ओळखू न येईल असं. आणि आता त्यांनी आपलं उचललं होतं. बशीशेजारी, मावळत्या उजेडात, एकच उरलं होतं. तिचं. एवढं मोठं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

फास्ट झालंय सगळं, तिला उगीचच आठवलं. पट्टी नाही, वाट बघणं नाही. क्लिक केलं की झालं.

पलीकडे पुतण्याने फोन ठेवला. सर अजून बसलेले. मास्तरांच्या बुबुळावर दोन रेघा उरल्या होत्या, उजेड त्या दोनपुरताच होता, आणि तिने ब्रश टेकवण्यासाठी श्वास रोखला. पण तो रोखलेला श्वास ब्रशसाठी होता, की ‘डावा म्हणजे डावा नव्हे’ असं म्हणायला लागणार होता तेवढा, हे तिचं तिलाच अजून कळत नव्हतं.